घरकुलाच्या श्रमदानास येणाऱ्या सायकलयात्रेकरूंसाठी

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासास एखाद्या सत्कार्याची जोड द्यावी, वाटेत मुक्काम पडेल तेथे एखाद्या गरीब कुटुंबाच्या घरबांधणीस हात लावावा, आणि प्रवासाच्या निमित्ताने आप्तेष्टांकडून जमेल ती वर्गणी त्याच कामी खर्चावी, असा संकल्प ज्यांनी केला असेल, आणि ज्यांचा मार्ग मराठवाड्यातून विदर्भात शिरताना किंवा खानदेशातून नागपूरकडे जाताना बुलढाणा जिल्ह्यातून जात असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. संकल्प उत्तम आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु प्रवासाची गती आणि घराची गती यांचा मेळ आपोआप बसत नाही, आणि तो न बसल्यास नुकसान होते ते घराचे, प्रवाशाचे नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानी घेतली पाहिजे. सायकल दिवसाकाठी शंभर किलोमीटर जाईल. जोत्यावर टाकलेले काँक्रीट मात्र आपल्या मुदतीनेच घट्ट होईल. म्हणून माझी मुख्य सूचना अशी, की दहा गावी एकेक दिवस थांबण्यापेक्षा एका गावी दहा दिवस थांबावे, आणि साऱ्या प्रवासाचा नकाशा त्या एका मुक्कामाभोवती आखावा.

या कल्पनेस आपल्याकडे पूर्वपरंपरा नाही असे नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण सायकलींवर होते, आणि पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे ज्यांना बसणेही दुष्कर झाले होते ते बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत चालले होते. पुढे १९८८ मध्ये इटानगरपासून ओखा बंदरापर्यंत दुसरी यात्रा निघाली. त्या यात्रांचा हेतू घरे बांधण्याचा नसून राष्ट्रीय ऐक्याचा होता. तथापि ज्या पुरुषाने चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे दरवर्षी श्रमसंस्कार छावणी भरवून कुदळ-फावड्याला विद्येचा दर्जा दिला, त्याच्याच मनात सायकलयात्रेची कल्पना उद्भवावी, यात मला योगायोग दिसत नाही. सायकल आणि घरबांधणी यांची प्रत्यक्ष सांगड घातली ती अमेरिकेतील ‘बाइक अँड बिल्ड’ या संस्थेने. तिच्या तुकड्या २००३ पासून सागरापासून सागरापर्यंत सायकली हाकीत आणि वाटेत थांबून स्वस्त घरांच्या कामावर राबत आल्या. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील मळवली येथे ऑक्टोबर २००६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या विद्यमाने शंभर घरांचे काम उचलले गेले, आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेथे देशोदेशींच्या स्वयंसेवकांबरोबर विटा रचीत होते. अशी सामुदायिक बांधकामे आठवड्यात उभी राहिलेली दिसतात, ती पाया, जोते, सामान आणि कुशल गवंडी यांची तजवीज आधीच झालेली असते म्हणून. बाहेरून आलेल्या हातांचे चीज होते ते या पूर्वतयारीवर.

बुलढाणा जिल्ह्यास श्रमदान नवे नाही. पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत २०१८ साली मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या पारितोषिकात वाटा मिळविला, तो ऐन उन्हाळ्यात भल्या पहाटेपासून खोदलेल्या चरांच्या बळावर. आणि शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानातील सेवेकऱ्यांची पाळीपद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विनावेतन काम हेही शिस्तीने आणि वेळापत्रकाने कसे चालते, हे निराळे सांगावयास नको. शक्य असल्यास गावी जाण्यापूर्वी एक दिवस शेगावला थांबून ती व्यवस्था डोळ्यांखालून घालावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता भूगोलाकडे वळू. या जिल्ह्याचे लोक आपल्या तालुक्यांचे दोन भाग करतात : घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर. तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यात. मोताळा या दोहोंच्या संधीवर. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो, आणि खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो. हा दुसरा रस्ता सुंदर आहे, पण तो सकाळच्याच प्रहरी ओलांडावा. तेथे अस्वल व बिबट्या यांचा वावर आहे, आणि २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोसांची पायपीट करून याच रानात येऊन स्थिरावला होता, हे विसरू नये. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा व मेहकर या तालुक्यांतून जातो खरा, परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे, सायकलीस तर आहेच. मलकापूर, नांदुरा व खामगाव यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ट्रकांनी गजबजलेला असतो. त्यापेक्षा आतल्या जिल्हामार्गांनी जावे. मार्ग आखताना माझी पसंती अशी : जालन्याकडून सिंदखेडराजा, तेथून लोणारचे सरोवर पाहून मेहकर, मग चिखली व बुलढाणा, आणि शेवटी बोथ्याचा घाट उतरून खामगाव व शेगाव. या क्रमाने चढण थोडी पडते, घाट उतारानेच लागतो, आणि प्रवास लोहमार्गावर संपतो. घाटावरच्या तालुक्यांत रेल्वे नाही, तेव्हा ज्यांना सायकल पार्सलच्या डब्यातून घरी धाडावयाची असेल त्यांनी शेगाव, नांदुरा किंवा मलकापूर याच स्थानकांचा हिशेब धरावा.

ऋतूविषयी फार बोलण्याचे कारण नाही. पावसाळ्यात काम चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी व कापसाची वेचणी यांत घरातील प्रत्येक हात गुंतलेला असतो. आणि चैत्रानंतर खामगाव-शेगावकडचे ऊन परक्या माणसास सोसत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवानिमित्त सिंदखेडराजाकडचे आणि माघ वद्य सप्तमीस प्रकटदिनानिमित्त शेगावकडचे रस्ते माणसांनी भरून वाहतात. त्या दिवशी सायकली थांबवाव्यात.

यानंतर मुख्य प्रश्न येतो तो घर कोणाचे, हा. ग्रामीण भागात गरिबांचे घर म्हणजे बहुधा शासनाच्या योजनेतून मंजूर झालेले घरकुल. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिच्याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, तर भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना राज्यात आहेत. प्रधानमंत्री योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने खात्यावर जमा होते. शौचालयासाठी १२,००० रुपये निराळे. आणि रोजगार हमीतून ९० मनुष्यदिवसांच्या मजुरीची तरतूद योजनेच्या मूळ रचनेत केलेली आहे. ठेकेदार नेमून घर बांधून घेण्यास मनाई आहे. लाभार्थ्याने ते स्वतः बांधावे किंवा आपल्या देखरेखीखाली बांधवून घ्यावे, हा या योजनेचा आत्मा होय. तेव्हा आपण येणार ते त्या कुटुंबाचे साहाय्यक म्हणून, मालक किंवा मक्तेदार म्हणून नव्हे, हे प्रत्येक स्वयंसेवकाच्या मनावर ठसले पाहिजे.

ही सारी गणिते कागदावर जुळतात; पण विटा, लोखंड, सिमेंट व गवंड्याची मजुरी यांचे आजचे भाव पाहता जोत्यापर्यंत आलेले घर लिंटेलपाशी अडते, लिंटेलपर्यंत आलेले स्लॅबपाशी अडते, पुढचा हप्ता पुढचा टप्पा पुरा झाल्याचे छायाचित्र चढल्याखेरीज मिळत नाही, आणि टप्पा पुरा करण्यास हाती पैसा नसतो. घरात कर्ता पुरुष नसेल, तर ही कोंडी अधिकच कठीण. पश्चिम विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आहे. अशा घरातील विधवा भगिनी दिवसा दुसऱ्याच्या शेतात निंदणीस जाते आणि रात्री स्वतःच्या अपुऱ्या भिंतींना पाणी मारते. माझ्या मते बाहेरच्या तुकडीने नवे घर आरंभण्याच्या मोहात न पडता असे अडलेले घर पुढे ढकलावे. मात्र ते कोणते, हे आपण ठरवू नये. प्रवासाच्या किमान दोन महिने आधी त्या ग्रामपंचायतीस लेखी पत्र द्यावे, पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत त्याची प्रत रुजू करावी, गृहनिर्माण अभियंत्यांना भेटावे, आणि शक्य तर मासिक सभेत किंवा ग्रामसभेत विषय मांडून गावानेच नाव सुचवावे अशी विनंती करावी. जागेचे कागद पाहण्यासही संकोच करू नये : नमुना आठचा उतारा कुटुंबाच्या नावे आहे काय, जागा गावठाणात आहे की गायरानावर, शेजाऱ्याशी हद्दीचा तंटा आहे काय. तंट्याच्या जागेवर परक्यांनी लावलेली एक वीटही गावात वर्षानुवर्षे सलत राहते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बांधकामावर सत्ता गवंड्याची. विटांचा थर ओळंब्यात धरणे, कोपरे गुण्याला लावणे, दाराच्या चौकटीची पाणसळ पाहणे, ही कामे वर्षानुवर्षांच्या हाताची आहेत. दोन दिवसांच्या उत्साहाने ती साधत नाहीत, आणि बिघडलेली भिंत पाडण्याचा खर्च त्या गरिबालाच सोसावा लागतो. स्वयंसेवकाने बिगाऱ्याचे काम मागून घ्यावे : विटा भिजविणे, रेती चाळणे, माल कालविणे, घमेली वाहणे, जोत्यात मुरूम भरून धुम्मसाने ठोकणे, शौचालयाचे शोषखड्डे खोदणे, भिंतींवर पाणी मारणे. या कामांत कौशल्य थोडे व कष्ट फार, आणि याच कामांपायी कुटुंबाचा रोख पैसा बिगाऱ्यांच्या मजुरीत जातो.

तुकडीच्या मुक्कामात स्लॅबचा दिवस यावा अशी योजना करता आली, तर तिच्या येण्याचे सार्थक होते. २५ चौरस मीटरचा साडेचार इंची स्लॅब म्हणजे सुमारे तीन घनमीटर काँक्रीट. सिमेंटच्या वीस-पंचवीस गोण्या, आणि घमेल्यांच्या भाषेत बोलायचे तर तीनशेच्या आसपास घमेली एकाच दिवशी, मध्ये खंड न पडता, शिडीवरून हातोहात वर गेली पाहिजेत. अर्धा स्लॅब आज व अर्धा उद्या असे केले, तर त्या सांध्यातून पुढे पावसाळाभर पाणी पाझरते. खेड्यात हा दिवस सणासारखा असतो; सोयरेधायरे येतात, गूळ वाटला जातो. पंधरा-वीस धट्टेकट्टे तरुण त्या दिवशी रांगेत उभे राहिले, तर जे काम भाड्याच्या मजुरांवर मोठा खर्च करून होते ते दुपारपर्यंत उरकते. आदल्या दिवशी मात्र सायकल चालवू नये, आणि काँक्रीट हलके ओतता यावे म्हणून त्यात वरून पाणी घालण्याचा मोह कोणासही होऊ देऊ नये. पातळ माल लवकर पसरतो, पण त्याचे बळ कायमचे जाते.

या जिल्ह्याच्या जमिनीचे दोन दोष ठाऊक असावेत. पहिला काळ्या मातीचा. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायाने बसविलेली भिंत दोन-तीन वर्षांत तिरपी चिरते. म्हणून पाया मुरुमापर्यंत खोदावा, आणि जोत्यातील भराव काळ्या मातीचा नव्हे तर मुरुमाचाच असावा. खोदलेली काळी माती जवळच पडलेली असते, ती ढकलून देणे फार सोपे वाटते, आणि नेमका तेथेच घात होतो. दुसरा दोष पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील कित्येक गावांत विहिरी-कूपनलिकांचे पाणी इतके क्षारयुक्त आहे, की ते पिऊन माणसांचे मूत्रपिंड निकामी होते. तेच पाणी काँक्रीटमध्ये गेल्यास आतील सळई गंजते, फुगते, आणि स्लॅबचे पापुद्रे खाली गळू लागतात. अशा गावात माल कालविण्यास व स्लॅबवर साठविण्यास गोड्या पाण्याचा टँकर आणावा. तुकडीच्या वर्गणीतून करण्याजोगा याहून हितकर खर्च मला सुचत नाही. तसेच २०२३ च्या जुलैत सातपुड्याच्या पायथ्याशी अतिवृष्टी होऊन संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत घरोघर पाणी शिरले होते. तिकडे काम असेल, तर त्या पुराचे पाणी कोठवर आले होते हे म्हाताऱ्यांना विचारून जोते त्याच्या वर घ्यावे.

मजुरीविषयी एक नाजूक बाब आहे, आणि तिच्यावर मी मुद्दाम जोर देतो. कुटुंबाला मिळणारी रोजगार हमीची मजुरी हजेरीपटावरील त्याच्या स्वतःच्या कामाची असते. स्वयंसेवकांनी काम केले म्हणून त्या हजेरीत काटछाट होऊ नये, आणि स्वयंसेवकांची नावे कोणी सोयीसाठी हजेरीपटावर चढवू पाहील तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. गावातील बिगाऱ्यांचा रोजगारही आपल्यामुळे बुडता कामा नये. जो आधीच ठरलेला असेल त्याला ठेवावे, आणि त्याची मजुरी आपण वर्गणीतून द्यावी. घरकुलास २०२५ च्या राज्य धोरणाप्रमाणे पाच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य मिळण्याची सोय आहे. ती दारापर्यंत आणण्याच्या वाहतुकीस पैसे कमी पडत असतील, तर तेथेही वर्गणी कारणी लागते.

वर्गणीचा जमाखर्च आरशासारखा स्वच्छ असावा. पैसा स्वतःच्या खात्यात गोळा न करता धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेमार्फत स्वीकारावा. देणगीदारास आयकराची सवलत हवी असेल तर संस्थेस तशी मान्यता आहे काय ते पाहावे, आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही हे त्याला आधी सांगावे. कुटुंबाच्या हाती रोख रक्कम देण्यापेक्षा सिमेंटच्या वा लोखंडाच्या दुकानदारास थेट धनादेश द्यावा व पावती कुटुंबाच्या नावे घ्यावी. सायकली, पोशाख, फलक व प्रवासातील जेवणखाण यांचा खर्च प्रत्येकाने पदरचा करावा. घराच्या नावाने मागितलेल्या पैशातून प्रवास होऊ नये.

मुक्कामाची जागा कोठे असावी? गावात पाहुणे आले की प्रतिष्ठितांच्या वाड्यातून बोलावणे येते, आणि ते प्रेमाचेच असते. परंतु घर बौद्धवस्तीत असेल तर मुक्काम बौद्धवस्तीतील समाजमंदिरात असावा, आणि पारध्यांच्या किंवा भिल्लांच्या वस्तीत असेल तर तेथेच तंबू ठोकावा. पाणी तेथलेच प्यावे, भाकरी तेथेच खावी. ज्याच्या भिंती आपण उभारतो त्याच्या पंक्तीस आपण बसत नाही, असे दृश्य गावाने पाहता कामा नये. शिधा मात्र आपला न्यावा : ज्वारी, डाळ, तेल, मिरची आणून एखाद्या मावशींकडे स्वयंपाकाचे काम मोबदला देऊन सोपवावे, म्हणजे यजमानांवर भार पडत नाही आणि वस्तीत चार पैसे राहतात. वडीलधाऱ्यांना काका, मावशी, आजी म्हणावे. घराच्या आत बोलाविल्याखेरीज जाऊ नये. आणि स्त्रियांची व मुलांची छायाचित्रे त्यांच्या मुखातून होकार आल्याशिवाय घेऊ नयेत. देणगीदारांना दाखविण्यास भिंतीचे छायाचित्र पुरेसे असते.

शरीराविषयी थोडेसे. सायकलस्वाराचे पाय बळकट असतात, पण कंबर व खांदे वजन उचलण्यास सरावलेले नसतात. पहिल्या दोन दिवशी घमेले अर्धेच भरावे. सिमेंटने ओल्या कातडीस भाजल्यासारखे व्रण पडतात, म्हणून रबरी हातमोजे, जाड तळाचे बूट आणि धनुर्वाताची सुई ही त्रयी अनिवार्य समजावी. सायकलींसाठी जादा ट्यूब व पंक्चरचे सामान भरपूर घ्यावे, कारण बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात. आणि कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही, यास्तव सूर्यास्तानंतर रस्त्यावर राहू नये.

निघण्यापूर्वी एका कामाची सोय लावणे राहते, आणि नेमके तेच सर्वांत अधिक वेळा राहून जाते. स्लॅब पडल्यावर त्याच्यावर मातीचे आळे करून किमान दहा, शक्यतो चौदा दिवस पाणी उभे ठेवावे लागते, आणि तुकडी बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुढच्या गावी गेलेली असते. घरची बाई शेतावर, मुले शाळेत, आणि स्लॅब कोरडा तापत पडतो. म्हणून एकतर तुकडीतील दोघांनी मागे राहावे व नंतर एस.टी.ने येऊन इतरांना गाठावे, किंवा वस्तीतील एखाद्या तरुणास त्या दिवसांची मजुरी आगाऊ देऊन सकाळ-संध्याकाळ पाणी भरण्याचे काम लावून द्यावे. केलेल्या कामाची, दिलेल्या पैशांची आणि उरलेल्या टप्प्यांची नोंद एका वहीत करून तिची एक प्रत कुटुंबाकडे व एक ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ठेवावी, म्हणजे पुढील हिवाळ्यात येणाऱ्या तुकडीस गिलावा, फरशी व शौचालयाचे दार येथपासून काम धरता येईल.